पावडर कुठली घ्यायची? साडूच्या गॅरेजमधून थोडं

मोंटानाला साडूकडे गेलो होतो तेव्हाचे त्याच्या गॅरेजमधले फोटो ग्रुपवर टाकले आणि तेव्हापासून कंपनीच्या बसमध्ये, सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये, जिथे जाईन तिथे मला तोच प्रश्न, की घरी काडतुसं भरतात म्हणजे नेमकं काय करतात आणि त्या कपाटात एवढे डबे कशाला, बंदुकीची दारू ती दारूच ना. तर एकदाच सविस्तर लिहून टाकतो म्हणजे पुढच्या वेळी लिंक फेकता येईल.

आधी कायद्याचं, कारण ऐरोलीत बसून हे लिहितोय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि लायसन्सशिवाय काडतूस तयार करणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हे वाचून कोणाला हात शिवशिवले तर ते तिथेच थांबवा. अमेरिकेत शिकारीचा सीझन असतो, लायसन्स असतं, हरणामागे टॅग म्हणजे परवान्याची चिठ्ठी असते, आणि पावडर, म्हणजे काडतुसात भरायची दारू, दुकानात काउंटरवर मिळते. साडू मूळचा डोंबिवलीचा, आधी मटण सुद्धा त्याला दुकानातून बायकोने आणलेलं लागायचं, आता ऑक्टोबर संपत आला की पाच आठवडे त्याचा फोन लागत नाही.

मी स्वतः रायफलवाला नाही. मी ठाणे-बेलापूर रोडवर एका केमिकल कंपनीत प्रोसेस सेफ्टी बघतो, म्हणजे कुठली रिॲक्शन कधी हाताबाहेर जाईल याची काळजी करायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे त्याने डबा उघडून दाखवला तेव्हा मला शिकारीपेक्षा त्या डब्यातल्या मालातच जास्त इंटरेस्ट आला, आणि खरं सांगायचं तर तो जितकं गोळीबद्दल बोलत होता तितकंच मी पावडरीबद्दल विचारत होतो, दोन्ही बायका कंटाळून वर निघून गेल्या.

काडतुसात चार गोष्टी. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला प्रायमर म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, आत पावडर, तोंडाला गोळी. पुंगळी सोडून बाकी सगळं दर वेळी नवीन, पुंगळी मात्र साफ करून, डायमध्ये म्हणजे साच्यात दाबून परत आकारात आणून पुन्हा वापरायची. यात पुंगळी, प्रायमर, गोळी निवडताना चुकलात तर नेम बिघडतो, पैसे वाया जातात, कधी दाबही वाढतो. पावडर निवडताना चुकलात तर रायफल तुमच्या गालाला चिकटलेली असते हे लक्षात ठेवा.

मुळात ही पावडर म्हणजे फटाक्यातली काळी दारू नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, ढोबळ प्रमाण ७५, १५, १०. आमच्या संगमेश्वरकडच्या काकांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, रानडुकरं भाताची नासाडी करायची म्हणून, त्यात ही दारू नळीच्या तोंडातून मापाने ओतायची आणि गजाने ठासायची. काकांचं तंत्र सोपं होतं, थोडी जास्त टाकली की बार मोठा. काळ्या दारूत हे थोडंफार खपून जायचं. १८८४ मध्ये पॉल व्हिएल नावाच्या फ्रेंच केमिस्टने बिनधुराची पावडर केली, नायट्रोसेल्युलोजची, आणि तिथून हे माप-ओता-ठासा प्रकरण संपलं, कारण ही पावडर कितीतरी जास्त जोर देते आणि तो जोर कसा वाढतो हे सगळं दाबावर अवलंबून असतं. ठासणीच्या बंदुकीत चुकून ही पावडर गेली तर नळी फाटते, काकांचं तंत्र इथे आणायचं नाही.

आता हे दाबाचं नीट समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप लागेल. नायट्रोसेल्युलोज जळतं पृष्ठभागावरून, आणि दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की गॅस जास्त, गॅस जास्त की दाब आणखी. आमच्या धंद्यात असल्या फीडबॅकला आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो, त्याच्यासाठी रप्चर डिस्क, म्हणजे दाब वाढला की फुटून वाट करून देणारी चकती, लावतो, इंटरलॉक लावतो. रायफलमध्ये रप्चर डिस्क नाही. तिथे एकच सुटका आहे, गोळी पुढे सरकते आणि मागे जागा वाढते. म्हणजे पावडर किती वेगात गॅस करते आणि गोळी किती वेगात जागा करून देते या दोघांची शर्यत, आणि ती जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात संपते. साडूच्या रायफलच्या काडतुसाला, थर्टी-ओ-सिक्सला, जास्तीत जास्त ६०,००० पीएसआय दाब मान्य आहे. म्हणजे चार हजार बारच्या वर, एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. आमच्या प्लांटमधली स्टीमची लाईन १० बारची आहे आणि तिच्याजवळून सुद्धा मी जरा लांबूनच जातो.

म्हणून मग पावडरी वेगवेगळ्या. कोणी जलद जळते, कोणी सावकाश. बंद पडलेला टेम्पो ढकलताना बघा, एकदम धाडकन खांदा मारलात तर खांदा मोडेल पण टेम्पो हलणार नाही, तोच भार लावून धरत गेलात तर तो चालायला लागतो, आणि भरलेला टेम्पो असेल तर आणखी वेळ लावून धरावं लागतं. जड गोळी म्हणजे भरलेला टेम्पो, ती सावकाश जळणारी पावडर मागते. पिस्तुलाची पावडर जलद असते कारण नळी आखूड, गोळी त्या मानाने हलकी, तीच रायफलच्या पुंगळीत भरली तर गोळी हलायच्या आत दाब डोक्यावरून जातो. म्हणून साडूच्या कपाटात पिस्तुलाचे डबे वरच्या कप्प्यात वेगळे, कुलपाआड, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा, दुसरा डबा टेबलावर आला की तो अक्षरशः हात धुवून उठतो आणि पहिला आत ठेवून येतो. मला हे फार आवडलं. आमच्याकडे दोन ड्रमची लेबलं शेजारी शेजारी आली की काय होतं ते मी बघितलेलं आहे.

जळण्याचा वेग कसा ठरवतात तेही मस्त आहे. एका प्रकारच्या पावडरीचे दाणे म्हणजे करड्या रंगाच्या बारीक नळकांड्या असतात, जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, आणि मधून आरपार बारीक भोक. बाहेरून जळत जळत नळकांडी बारीक होते म्हणजे बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो, पण त्याच वेळी आतलं भोक मोठं होत जातं म्हणजे आतला पृष्ठभाग वाढतो, बेरीज साधारण सारखी. ज्याने हे पहिल्यांदा डोक्यातून काढलं त्याला दंडवत. वरून एक लेप असतो जो सुरुवातीचं जळणं रोखून धरतो, आणि सगळ्यात वर ग्रॅफाइट, स्टॅटिक कमी व्हावं आणि माल सुळसुळीत वाहावा म्हणून, करडा रंग त्याचाच. दुसरा प्रकार बॉल पावडर, बारीक गोल दाणे, काही रोलरमध्ये दाबून चपटे केलेले. शिवाय सिंगल बेस म्हणजे नायट्रोसेल्युलोज एकटं, डबल बेसमध्ये नायट्रोग्लिसरीन पण. डबल बेसमध्ये ऊर्जा जास्त, वेग जरा जास्त मिळतो, पण साधारणपणे जास्त गरम जळते आणि नळीची झीज जास्त.

आता निवड. लोक सुरुवात करतात वेगापासून, मॅन्युअलमध्ये, म्हणजे कुठल्या गोळीला कुठली पावडर किती याच्या छापील पुस्तकात, बोट फिरवत सगळ्यात मोठा आकडा शोधतात. साडू म्हणतो वेग सगळ्यात शेवटी बघायचा, आणि मला हे शंभर टक्के पटतं. दोनशे यार्डावर उभ्या हरणाला गोळी सेकंदाला पंधरा मीटर जास्त वेगाने लागली काय आणि कमी वेगाने लागली काय, गोळीच्या पडण्यात अर्धा इंचाचा सुद्धा फरक नाही. तेवढ्यासाठी दाबाच्या टोकावर जाऊन बसणारे लोक मला कळत नाहीत, प्रोसेस प्लांट असा कोणी चालवला तर आम्ही त्याला घरी पाठवू.

पहिला प्रश्न पुंगळीचा. ही गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटली. थर्टी-ओ-सिक्स हे काडतूस १९०६ चं आणि ३०८ विंचेस्टर १९५२ चं, दोघांत गोळी एकाच जाडीची, अगदी तीच गोळी दोन्हीत बसते, पण पुंगळीत जागा वेगळी, थर्टी-ओ-सिक्सच्या पुंगळीत काठोकाठ पाणी भरलं तर साधारण ६८ ग्रेन मावतं, ३०८ च्या पुंगळीत ५६ च्या आसपास. (ग्रेन म्हणजे पाउंडाचा ७,००० वा भाग, एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या जरा आत.) मग तीच १६५ ग्रेनची गोळी असताना छोट्या पुंगळीला मध्यम वेगाची पावडर, ४८९५ किंवा व्हार्गेटच्या जातीची (ही पावडरींची नावं), जमते आणि मोठ्या पुंगळीला त्याहून सावकाश, ४३५० च्या जातीची. का, तर पुंगळी साधारण भरलेली पाहिजे. नव्वद टक्क्यांच्या वर भरली की पावडर आत इकडेतिकडे लोळत नाही, प्रायमरची ठिणगी दर वेळी तशीच लागते, वेग सारखा येतो. आणि याचा एक फायदा जो मॅन्युअलमध्ये ठळक लिहायला हवा, एवढ्या भरलेल्या पुंगळीत चुकून दुप्पट पावडर पडूच शकत नाही, बाहेर सांडते. अर्धवट भरणाऱ्या जलद पावडरीत दुप्पट मावते आणि वरून कळतही नाही. सेफ्टीवाल्याच्या भाषेत, माणसाच्या लक्षावर अवलंबून नसलेला उपाय तो खरा उपाय.

उलट बाजूला, सावकाश पावडर घेतली आणि पुंगळीत कमी भरली, म्हणजे हात आखडता घेतला की सेफ, असंही नाही. मॅन्युअलमध्ये जो सुरुवातीचा आकडा दिलेला असतो त्याच्या खाली जायचं नाही. आणि वरच्या आकड्याच्या वर तर नाहीच.

दुसरा प्रश्न थंडी-उन्हाचा. आपल्याला ठाण्यात बसून याचं काही वाटत नाही, पण तिकडे साडू जुलैमध्ये रेंजवर सगळं जुळवतो, पस्तीस डिग्रीत, आणि हरीण मारायला जातो शून्याखाली पंधरात. काही पावडरी गरमीत जास्त दाब देतात आणि थंडीत लंगड्या होतात. जुलैमध्ये टोकावर जुळवलेलं काडतूस उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर पडलं असेल तर ते टोकाच्या पलीकडे जाऊ शकतं. म्हणून त्याने एच ४३५० घेतली, हॉजडन कंपनी विकते पण बनते ऑस्ट्रेलियात, मुलवाला गावात, आणि तापमानाने कमी बदलणारी म्हणूनच ती मालिका ओळखली जाते. कमी बदलणारी म्हणजे न बदलणारी नव्हे, हे साडूने मला दोनदा ऐकवलं, त्यामुळे मीही ऐकवतो.

इथे एक सापळा आहे आणि तो ऐकून मी अक्षरशः डोक्याला हात लावला. एच ४३५० वेगळी आणि आयएमआर ४३५० वेगळी. आकडा तोच, माल दुसरा, एकीचं मोजमाप दुसरीला लावायचं नाही. ४८३१ मध्ये तर आयएमआरवाली एचवालीपेक्षा जलद आहे. झालं असं की हे मूळ नंबर आयएमआर म्हणजे ड्यूपाँटच्या लष्करी पावडरींचे, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने सैन्याची उरलेली पावडर विकत घेऊन शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली, ४८९५ ही अमेरिकन सैन्याच्या गॅरंड रायफलच्या काडतुसातली आणि ४८३१ तर २० मिलिमीटर तोफेची, पुढे साठे संपले, नवीन बनायला लागली, नंबर तेच राहिले. आणि उलट, दोन वेगळ्या नावांत एकच पावडर असंही आहे, एच ४१४ आणि विंचेस्टर ७६० घ्या. आमच्या कंपनीत असा मटेरियल कोड कोणी बनवला असता तर ऑडिटवाल्याने तिथेच खुर्ची टाकली असती.

तसंच ते बर्न रेटचे म्हणजे जळण्याच्या वेगाचे तक्ते, जलद ते सावकाश असे क्रमाने शे-दीडशे नावं. तक्ता फक्त शेजारी कोण आहे ते सांगतो, किती भरायची ते सांगत नाही, शिवाय दोन तक्त्यांत क्रमही थोडा वेगळा. ३७ नंबरची मिळाली नाही म्हणून ३८ नंबरची तेवढ्याच वजनाने भरली, असा शहाणपणा करणाऱ्याचे फोटो साडूने दाखवले, बोल्टचे, म्हणजे पुंगळीमागून नळी बंद करणाऱ्या दांड्याचे, तुकडे झालेले. जी पावडर, जी गोळी मॅन्युअलमध्ये एकत्र छापलेली आहे तीच. तांब्याची गोळी असेल तर तिचं पान वेगळं, कारण तांबं शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीतली जागा खाते. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही, मोंटानात तसं बंधन नाही, पण साडू तांब्याचीच वापरतो, मुलं ते मांस खातात म्हणून.

तिसरा प्रश्न मापाचा, आणि इथे मी स्वतः बसलो होतो, म्हणजे हात न लावता, फक्त बघत. भिंतीला लावलेलं मापाचं यंत्र असतं, वर पारदर्शक नळकांडं, बाजूला दांडा. दांडा वर केला की पोकळीत पावडर भरते, खाली केला की पुंगळीत पडते. नळकांड्यांची पावडर असेल तर दांडा फिरवताना एखादा दाणा पात्यात अडकतो आणि कच्चकन कापला जातो, तो आवाज आणि हाताला लागणारा झटका दोन्ही कळतात, आणि ते माप मग वजनात चुकतं. बॉल पावडर मात्र पाण्यासारखी वाहते, माप दर वेळी तेच. म्हणून ज्यांना एका बैठकीत शेकडो काडतुसं भरायची ते बॉल पावडर घेतात. साडूला सीझनला लागतात किती, हाताच्या बोटांवर, सरावाची धरून थोडी जास्त, त्याला घाई नाही. तो यंत्राने जरा कमी पावडर टाकतो, पुंगळीत नाही, ताटलीत, ती ताटली तराजूवर ठेवतो, आणि मग एक छोटी आडवी नळी असते, ट्रिकलर, ती दोन बोटांत फिरवत राहतो, टोकावर एक दाणा येतो, थांबतो, पडतो, काटा किंचित हलतो. परत एक दाणा. मी तिथे गॅस क्रोमॅटोग्राफसमोर बसावं तसा बसलो होतो. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून शेवटी वरून टॉर्च मारून बघायचं, सगळ्यांची पातळी सारखी आहे ना, एखादी रिकामी नाही ना. मगच गोळी बसवायची. थंडीत बॉल पावडर पेटायला थोडी जड, म्हणून तिला बऱ्याचदा मॅग्नम म्हणजे जास्त जोराचा प्रायमर सांगितलेला असतो, हे पण त्याने न घेण्याचं एक कारण.

आणि चौथा, ज्याचा मॅन्युअलमध्ये उल्लेख नाही, मिळते का. २०२० नंतर तिकडे पावडर आणि प्रायमरची अशी टंचाई झाली की लोक दुकान उघडायच्या आधी रांगा लावत होते. जगातली सगळ्यात गुणी पावडर, पण वर्षातून एकदा एक डबा मिळणार असेल तर तिच्यावर रायफल जुळवून काय उपयोग. एका पाउंडात साडूची साधारण सव्वाशे काडतुसं होतात. त्याने म्हणून दोन पावडरी जुळवून ठेवल्यात, एक आवडती, एक मिळणारी, दोन्हीची वही वेगळी.

साठवणीचं मला विचारलं म्हणून सांगतो, मूळ डब्यातच, थंड कोरड्या जागी, हवाबंद भक्कम पेटीत नाही, कारण पेट घेतला तर दाब साठतो, हे मी त्याने सांगायच्या आधीच सांगितलं आणि जरा भाव खाल्ला. नायट्रोसेल्युलोज कालांतराने आपोआप कुजतं, त्यात स्टॅबिलायझर घातलेला असतो तो संपला की डब्यातून आंबट उग्र वास येतो, तांबूस धूर किंवा गंजासारखी भुकटी दिसते. असा डबा वापरायचा नाही. लेबल गेलेला डबा तर कितीही नवा दिसो, वापरायचा नाही.

येताना एक रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणावी असं फार मनात होतं, नाही आणली. मुंबई एअरपोर्टवर बॅगेत काडतूस सापडून केस झालेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच, आणि स्कॅनरवर पुंगळी काही वेगळी दिसत नाही. कोणी आणायला सांगितलं तरी आणू नका. पावडर तर विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाही.

आता एकाने विचारलेलं, की मग आपला स्वप्नील कुसाळे पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटरमध्ये ब्राँझ घेऊन आला तो पण पावडर निवडतो का. नाही. त्या खेळात पॉइंट टू टू रिमफायर असतं, त्यात प्रायमरचा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, एकदा पिन लागली की कड चेपते, परत भरायचा प्रश्नच नाही. ते नेमबाज तयार काडतुसांचे लॉट तपासतात, एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या वेगवेगळ्या लॉटमधून आपल्या नळीला कुठला मानवतो तो शोधतात आणि मग त्याच लॉटचे खोके घेऊन ठेवतात.

लॉटचा हा फरक डब्यातल्या पावडरीला पण आहे. साडूचा परवाच मेसेज आला, एच ४३५० चा नवा डबा मिळाला पण लॉट नंबर वेगळा, तर त्याने जुन्या वहीतलं वजन जसंच्या तसं घेतलं नाही, खाली उतरून परत पायरी पायरीने वर चढतोय, दर पायरीला प्रायमर चपटा झालाय का, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा, म्हणजे पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा, चकचकीत ठसा उमटलाय का, बोल्ट उघडताना जड लागतोय का ते बघत. खाली लिहिलंय, मेहुणीला सांग या वीकेंडला पण मी गॅरेजमध्येच.